डोंगीचं नाक

डोंगीचं नाक इतकं लांब ठेवायचा हट्ट प्रभाकर मास्तरांचाच होता. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय त्यांना राहिली नाही.

मास्तर बऱ्हाणपुरात चित्रकला शिकवायचे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा त्यांच्या जिवलग मित्राने, दापोऱ्याच्या लीलाधर पाटलाने, लष्कराच्या लिलावातून एक जुनी जीप उचलून आणली. म्हणायला ती केळीच्या मळ्यातल्या चिखलासाठी होती. पण केळी बिचारी बैलगाडीतूनच जात राहिली आणि जीप दोघा मित्रांना घेऊन रानोमाळ हिंडू लागली. मग मास्तरांच्या डोक्यात किडा वळवळला. जीप आहे, तंबू आहे, तापीमाय आहे, मग आपली स्वतःची डोंगी का नको? त्यांनी एका इंग्रजी मासिकात चित्र पाहिलं होतं. एक चिंचोळी, टोकदार होडी आणि तिच्यात गुडघे टेकून बसलेले दोन साहेब. ते चित्र त्यांनी मोठ्या कागदावर काढलं आणि उखर्डू सुताराच्या पुढ्यात पसरलं.

उखर्डूने कागद उलटासुलटा करून पाहिला. "मास्तर, हे नाक थोडं कमी करा. ही डोंगी हाये का सारस पक्षी?"

"नाक कापलं तर चेहऱ्यात राहिलं काय?" मास्तर म्हणाले.

झालं. सागवानाची डोंगी तयार झाली, नाकासकट. मास्तरांनी त्या नाकावर दोन्ही बाजूंनी एकेक डोळा रंगवला, पांढऱ्यात काळा, भोवती लाल कड. रंगाचे थर इतके जाड दिले की बोट फिरवलं तरी डोळा हाताला लागावा. "तिला पाणी दिसायला नको?" असं ते सगळ्यांना सांगत. त्यांची बायको सुनंदा त्या डोंगीला सवत म्हणायची आणि प्रवासाला निघताना सवतीलाही हळदकुंकू लावायची.

आता ही डोंगी जीपवर न्यायची म्हणजे एक तऱ्हाच होती. जीपचं छप्पर काढायचं, लाकडी घोडीवर डोंगी पालथी घालायची आणि दोरांनी आवळायची. नाक पार बॉनेटच्या पुढे जाऊन खाली वाकायचं आणि दोराने बंपरला बांधलं जायचं. जीप अमेरिकन, म्हणजे स्टिअरिंगचं चाक डावीकडे. लीलाधरला डाव्या अंगाचा नाला तेवढा दिसायचा. समोरून काय येतंय, आडवं काय आलंय, ते सगळं नाकाच्या आड. म्हणून उजवीकडे बसणाऱ्याने बाहेर वाकायचं आणि रस्ता सांगायचा. "मोकळं" म्हटलं की लीलाधर जाणार, "थांब" म्हटलं की थांबणार. उजवीकडची जागा मास्तरांची. तिथे दुसरं कुणी कधी बसलं नाही. दरसाल संक्रांत झाली की दोघे असे निघायचे, खकनारच्या पुढे, जंगलातल्या एका डोहावर. तंबू ठोकायचा, डोंगी पाण्यात सोडायची, निखाऱ्यावर वांगी भाजून भरीत करायचं आणि वर्षभराचं साचलेलं एकमेकांना सांगून टाकायचं.

सुनंदा गेली. मुलगी उषा लग्न होऊन अकोल्याला गेली. मास्तर शाळेतून निवृत्त झाले. मग त्या डोहाशिवाय वाट पाहावी असं त्यांच्या आयुष्यात काही उरलं नाही.

आणि नेमके डोळे गेले.

एकदम गेले नाहीत. कडेकडेने अंधार सरकत आला. खंडव्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे, गेलं ते परत यायचं नाही आणि उरलंय तेही जाईल. मास्तर घरी आले, कुणाला बोलले नाहीत. उषाला कळलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी येऊन त्यांना अकोल्याला घेऊन गेली असती. आणि लीलाधरला कळलं असतं तर? रस्ता सांगायच्या जागेवर आंधळ्याला कोण बसवील? ती जागा गेली की डोह गेला, लीलाधर गेला, सगळंच गेलं. म्हणून त्यांनी ठरवलं, रस्ता आपल्याला पाठ आहे. कुठे पूल, कुठे चढ, कुठल्या वळणावर गुऱ्हाळाचा वास येतो, कुठे चाकाखाली खडी वाजते. कान आहेत, नाक आहे, आठवण आहे. यंदाही आपण रस्ता सांगू.

हा शुद्ध वेडेपणा होता. त्यात माणूस मेला असता. मास्तरांना ते कळत नव्हतं असं नाही. पण एकट्या पडलेल्या माणसाचं शहाणपण फार दिवस टिकत नाही.

त्या वर्षीच्या संक्रांतीनंतर, सकाळच्या धुक्यात जीपचा ओळखीचा भोंगा दारात वाजला.

"चाल मास्तर, बस जल्दी. ऊन व्हायच्या आधी खकनार मागं टाकू."

"अरे, डोंगी चढवायची ना?"

"चढवली गड्यांनी. वरून ताडपत्री बी बांधली. तुझी कंबर आता काय चढवते तिले?"

मास्तरांना हायसं वाटलं. डोंगी चढवताना ठेचकाळलो असतो तर बिंग तिथेच फुटलं असतं. ते चाचपत उजवीकडे बसले. पायाशी गोणपाटात गुंडाळलेलं काही सामान होतं, त्यावर त्यांनी पाय टेकले. डोक्यावर डोंगीची सावली आली, तशी त्यांना सुनंदाची आठवण झाली.

गाव मागे पडलं. मास्तर कान टवकारून बसले. घुंगरं वाजली की म्हणायचे, "बैलगाडी आहे, हळू." मोटारीचा आवाज आला की, "थांब, गाडी येतेय." काहीच ऐकू आलं नाही की छातीत धडधडायचं आणि तोंड म्हणायचं, "मोकळं." लीलाधर दर वेळी "बरं मास्तर" म्हणायचा आणि गाडी हाकायचा. आज तो नेहमीपेक्षा हळू हाकत होता. बोलतही कमी होता.

"उषीचं काय म्हणणं?" त्याने मध्येच विचारलं.

"ये म्हणते. कायमचा. मी म्हटलं, बाई, गेल्या नोव्हेंबरात तुझं अकोलं मुंबई राज्यात गेलं. आता मी परराज्यात कशाला येऊ?"

लीलाधर हसला, पण नेहमीसारखा पोट धरून नाही.

खकनार गेलं. पुढचा रस्ता तर मास्तरांना तोंडपाठ. मोठं वळण, मग उतार, मग सरळ सपाट पट्टा. या पट्ट्यावर इतक्या वर्षांत कधी काही आडवं आलं नव्हतं. वळण गेलं, उतार गेला, चाकं सपाटीला लागली. मास्तर बाहेर वाकले, पुढे पांढरट धूसर उजेड होता. ते मोकळ्या गळ्याने म्हणाले, "एकदम मोकळं आहे लिल्या. दाब!"

जीप दबली नाही. ती हळूच मंदावली आणि थांबली.

मास्तर थिजले. मग समोरून, अगदी जवळून, आवाज आला, "कहाँ जा रहे हो पाटील? नाव लेकर?"

पोलीस. त्याच्या मागे कुणीतरी दोर सोडल्याचा आणि बांबू करकरत वर गेल्याचा आवाज. राज्यं नव्याने वाटली गेली, पुढची धारणी तिकडे मुंबई राज्यात गेली, म्हणून या वर्षी इथे तपासणीची चौकी बसली होती. रस्त्यावर आडवा बांबू होता. सूर्य डोक्यावर आला होता, धुकं कधीच विरलं होतं, आणि माणसाच्या मांडीएवढा बांबू मास्तरांना दिसला नव्हता.

"इकडल्याच डोहावर जाऊन राह्यलो साहेब," लीलाधर म्हणाला. "आणि आपले मास्तर पाहा, दुरूनच बोलले, थांब, पुढं बांबू हाये."

जीप पुढे निघाली. मास्तरांना कळेना. लीलाधर असं का बोलला? आणि त्याहून अवघड प्रश्न होता, त्याला बांबू दिसला कसा? नाकाआडून त्याला कधीच काही दिसत नसे. मास्तरांनी पुढे "मोकळं" म्हणायचं धाडस केलं नाही. लीलाधरनेही विचारलं नाही.

डोहाचा वास तोच होता. ओली वाळू, जांभळीचा पाला. मास्तर उतरले. दरवर्षी डोंगी उतरवताना नाक त्यांच्या हातात असायचं आणि मागचं टोक लीलाधरच्या. ते सवयीने बॉनेटच्या पुढे गेले आणि हात वर केले. हातात हवा आली. त्यांनी हात मागे नेले, आणखी मागे नेले. बोटं एका सपाट फळीवर आपटली. फळी नवी, करवतीचा खरखरीतपणा अजून तसाच, कडेला डांबर फासलेलं, खिळ्यांच्या डोक्यांची रांग. त्याच्या पुढे काही नव्हतं.

मास्तर ती फळी चाचपत राहिले, वरून, खालून, पुन्हा वरून.

"लिल्या, नाक कुठंय?"

लीलाधर जवळ आला.

"कापलं," तो म्हणाला. "दिवाळीनंतर. उखर्डू करत नव्हता. मीच करवत घेतली, मंग बिचाऱ्यानं फळी ठोकून देली."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"गेल्या साली रस्त्यात म्हैस उभी होती. तू बोलला मोकळं. ते तर नशीब, म्हैसच हंबरली." त्याचा आवाज चिरकला. "मंग दसऱ्याले तू माह्या घरी आला, तर माहा हात सोडून खांबालेच सोनं देवाले लागला. मी त्या दिवशी जेवलो नाही मास्तर."

"अरे, मग दुसऱ्या कुणाला बसवायचंस रस्ता सांगायला. डोंगी का कापलीस? इतकी देखणी—"

"दुसऱ्याले बसवलं असतं," लीलाधर म्हणाला, "तं तू कुठी बसता?"

मास्तर मटकन वाळूत बसले आणि लहान मुलासारखे रडले. डोळ्यांसाठी ते खंडव्यात रडले नव्हते, घरी रडले नव्हते. इथे रडले. आपण या माणसाचा जीव धोक्यात घातला आणि याने आपली लाज झाकायला करवत घेतली. त्यांना स्वतःची किळस आली, आणि लीलाधरवर इतकी माया आली की ती सोसवेना. लीलाधरही शेजारी बसला आणि पागोट्याच्या टोकाने नाक पुसत राहिला.

संध्याकाळी त्यांनी डोंगी पाण्यात सोडली. तिची चाल पार गेली होती. नाक नाही म्हणून पाणी कापेना, वल्हं मारलं की जागच्या जागी गोल फिरायची. पूर्वी ती बाणासारखी जायची.

"बिघडली रे पार," मास्तर म्हणाले.

"पाण्यात फिरली तं फिरू दे. रस्त्यावर सीधी चालाले पाहिजे."

मास्तरांना हसू आलं आणि त्या हसण्याचंच पुन्हा रडू झालं. यंदा त्यांनी कुठली झाडं, कुठले पक्षी, हे काही सांगितलं नाही. लीलाधरच सांगत होता, बगळा कुठे बसलाय, ऊन कुठवर आलंय. त्याला चांगलं सांगता येत नव्हतं. सगळे पक्षी त्याच्या लेखी बगळेच होते. मास्तर ऐकत राहिले. तंबूत पडल्यावर त्यांनी हळूच सांगितलं की परत गेलो की उषाकडे जातो. लीलाधर "बरं" म्हणाला आणि त्याने कूस बदलून झोपल्याचं सोंग केलं.

परतीच्या दिवशी सामान लादलं. मास्तर उजवीकडे गेले नाहीत. चाचपत मागे गेले आणि तंबूच्या गठ्ठ्यावर चढू लागले.

"तिकडं कुठी?"

"मागे बसतो. पुढे माझं आता काय काम?"

लीलाधरने इंजिन चालू केलं नाही. तो खाली उतरला, मास्तरांच्या दंडाला धरून त्यांना पुढे आणलं आणि उजवीकडे बसवलं. मग त्यांच्या पायाशी वाकून ते गोणपाट सोडलं, ज्यावर येताना मास्तर सबंध वाट पाय टेकून बसले होते. आतलं लाकूड त्याने त्यांच्या मांडीवर ठेवलं. मास्तरांनी बोटं फिरवली. निमुळतं टोक, मग रंगाचा जाड थर, गोल. दुसऱ्या बाजूलाही तसाच.

"टाकवलं नाही मले," लीलाधर म्हणाला. "उषीकडं घेऊन जाय."

मास्तरांनी ते नाक पोटाशी धरलं. जीप जंगलातून धक्के खात निघाली आणि मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी येऊन थांबली. इंजिन चालू होतं, पण गाडी हलेना.

"काय झालं?"

"काय झालं काय? मले उजवीकडचं दिसत नाही. बोल ना मास्तर, रस्ता कसा हाये?"

मास्तर बाहेर वाकले. समोर सगळं पांढरं होतं, कडांना काळं. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"मोकळं आहे," ते म्हणाले. "चल."

"बरं मास्तर," लीलाधर म्हणाला. पण तो थांबला. उजवीकडून घुंगरं वाजत आली, एक बैलगाडी सावकाश त्यांच्या पुढून गेली, तिच्यातल्या तुरीच्या शेंगांचा वास आला, घुंगरं लांब गेली. मग लीलाधरने गिअर टाकला आणि जीप रस्त्यावर घेतली.