कागदावरचा हात

सासूबाईंचे उपकार माझ्याकडून जन्मभर फिटायचे नाहीत, हे आधीच सांगते. एरवी आमचं दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

सासूबाईंनी, म्हणजे मनुबाईंनी, ठाण्याच्या खाडीत उभं आयुष्य होडीचं सुकाणू धरलं. होडी किनाऱ्याला लागली तरी शेवटचा माणूस उतरून त्याचे पाय चिखलाने माखलेले दिसेपर्यंत सुकाणू सोडायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा उत्तम, वैमानिक. ब्याण्णव साली नव्या विमानाचं प्रशिक्षण सुरू झालं तेव्हा त्याने कॉकपिटचं कागदी चित्र कपाटाला चिकटवलं, समोर दोन खुर्च्या मांडल्या आणि शेजारी चक्क आईला बसवून सराव करू लागला. मी हसून हसून बेजार.

"या लिव्हरने इंजिनाची ताकद वाढते," तो सांगायचा. "जुन्या विमानात ताकद बदलली की लिव्हरही सरकायचा. नव्यात संगणकाने ताकद कमी केली तरी हा जागचा हलत नाही. पडद्यावरचे आकडे बघायचे, बस्स."

"म्हंजे हाताला कायच कळत नाय?" सासूबाई म्हणाल्या. "कोनी बनवलंय रं असलं?"

तेव्हापासून उत्तम ड्यूटीवर गेला की त्या एकट्याच कागदावर हात ठेवून बसायच्या. म्हातारपणाचं खूळ म्हणून मी सोडून दिलं.

एका दुपारी बोय मासळीची खवलं काढता काढता त्या ताडकन उठल्या, तशाच हाताने कागदावरचा लिव्हर पुढे रेटला आणि दात आवळून तिथेच बसल्या. मी हाका मारल्या, हलवलं. अगदी ढिम्म!

संध्याकाळी उत्तम आला तो पांढराफटक. विमान उतरताना इंजिनं पार मंदावली होती. त्याची आणि कॅप्टनची, दोघांचीही नजर धावपट्टीवर, आकड्यांकडे कुणाचंच लक्ष नाही. एकाएकी लिव्हर पुढे गेला आणि विमान सावरलं. कॅप्टन त्याचे आभार मानत राहिले, आणि याचा हात तर मांडीवर होता. त्याने मूठ उघडली. लिव्हरला चिकटलेलं माशाचं खवलं त्याने काढून आणलं होतं.

मी ढसाढसा रडले. उत्तमने आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई, तू होतीस म्हणून घरी आलो गं. सोड आता हात. उतरलो मी."

"पाय दाखव," त्या म्हणाल्या.

त्याने बूटमोजे काढले. सासूबाईंनी त्याचे कोरडे, स्वच्छ तळवे नीट न्याहाळले आणि कागदावरचा हात आणखी घट्ट दाबला.