एकच हिरवा ठिपका

"बाबा, तुमची मुलगी नक्की कोण? मी की ताई?"

प्रश्न मैत्रिणींचा होता. हिंमत असेल तर विचारून दाखव, असं त्यांनी शाळा सुटताना बजावलं होतं. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळाल्यापासून भिंगरीला हिमतीचा तोटा नव्हता. घरातल्या पंख्यालासुद्धा ती भाषण ऐकवायची. बाबांनी स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं, "जी आधी चहा करेल ती."

आणि चहा ताईने आणला.

ताई म्हणजे आतेबहीण. कॉलेजसाठी राहायला आली काय आणि बघता बघता बाबांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली काय! बाहेरच्या खोलीत बाबांचं ऑफिस होतं. वाचनालय, दोन-तीन दवाखाने, एक छापखाना यांची लिनक्सवर चालणारी मशीनं, म्हणजे कॉम्प्युटर, ते घरबसल्या सांभाळायचे. भिंतीवरच्या स्क्रीनवर प्रत्येक मशीनचा एक ठिपका होता. मशीनमध्ये बसवलेला छोटासा प्रोग्राम, एजंट, आपल्या मशीनची तब्येत घरच्या मुख्य सर्व्हरला कळवत राहायचा. कळवलं की ठिपका हिरवा, गप्प बसला की राखाडी. ते ठिपके आणि ती खुर्ची आधी भिंगरीची होती. निदान तिचा तसा समज होता. आता सुट्टीत वाचनालयाची मशीनं कोणाच्या हाती द्यायची हे बाबा ठरवणार होते, आणि आईचं मत ताईच्या पारड्यात पडलं होतं. पोरगी शांत डोक्याची आहे म्हणे. भिंगरीचा नुसता तिळपापड झाला होता.

शनिवारी बाबा छापखान्यात गेले ते सगळी मशीनं अपग्रेड करायचं काम ताईवर सोपवून. ताई एकेका मशीनमध्ये शिरत होती. अपग्रेड मध्येच थांबून विचारायचं, एजंटच्या सेटिंगची जुनी फाइल ठेवू की नवी घेऊ? ताईने दर वेळी नवी घेतली. नवं ते चांगलंच असणार, असा तिचा सरळ हिशेब.

जेवायच्या वेळेपर्यंत भिंतीवरचे ठिपके एकामागून एक राखाडी झाले. ताईने वाचनालयात फोन केला. मशीनं मजेत चालू होती. नेटवर्क तपासलं, फायरवॉल तपासली, नखं खाल्ली. भिंगरी दारात उभी राहून बघत होती, चेहरा होईल तितका दुःखी ठेवून. आत मात्र तिच्या मनात ढोल वाजत होते.

मग तिचं लक्ष गेलं. एक ठिपका अजून हिरवा होता, घरच्या मुख्य सर्व्हरचा. अपग्रेड तर त्याचंही झालं होतं. मग हा एकटाच कसा बोलतोय?

ताई जेवायला उठली तशी भिंगरी खुर्चीत घुसली. वाचनालयाच्या मशीनची फाइल उघडली. तब्येत कोणाला कळवायची त्या जागी १२७.०.०.१ असा पत्ता होता. बाबांनीच कधीतरी शिकवलं होतं, हा पत्ता म्हणजे 'मी स्वतः'. नव्या कोऱ्या फाइलमध्ये तोच असतो. म्हणजे प्रत्येक मशीन आपलं दुखणंखुपणं स्वतःलाच सांगत बसलं होतं! मुख्य सर्व्हरचं तेवढं त्यात बरोबर जमलं होतं, कारण त्याने कळवायचं ते स्वतःलाच. जुनी फाइल शेजारीच पडून होती, खऱ्या पत्त्यासकट.

भिंगरीने सगळं जसंच्या तसं बंद केलं, हात धुतले आणि पानावर जाऊन बसली. आईला "वाढ" म्हणाली, तेवढंच.

संध्याकाळी बाबा आले. रागावतील, निदान कपाळावर आठी तरी पडेल, म्हणून भिंगरी सरसावून बसली. बाबांनी ताईच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे गं. जेवण झालं की आपण दोघं बसू आणि शोधून काढू."

आपण दोघं! भिंगरीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"शोधायला काय ठेवलंय त्यात," ती म्हणाली, आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. पत्ता, जुनी फाइल, एजंट पुन्हा सुरू करायचा, सगळं. वाचनालयाचा ठिपका तिने तिथल्या तिथे हिरवा करून दाखवला.

आता ताईचं तोंड उतरणार होतं. पण ताईचे डोळे चमकले. "मामा, मला हे सात जन्मांत सुचलं नसतं," ती म्हणाली आणि भिंगरीला चक्क मिठी मारली. आई कौतुकाने बघत राहिली, आणि तेही ताईकडे. किती मोठं मन आहे पोरीचं! हरतानासुद्धा मेली छान दिसली.

भिंगरीने मिठीतून मान बाहेर काढली. मैत्रिणींबरोबर सुट्टीतल्या शिबिराला जायचं कधीचं ठरलं होतं, पण आता ही खुर्ची मोकळी सोडायची म्हणजे झालंच.

"आई, बाबा, ऐका," ती म्हणाली. "मी शिबिराला जात नाही. सुट्टीभर वाचनालयाची मशीनं मी बघणार. ताईला माझ्या हाताखाली यायचं असेल, तर माझी काही हरकत नाही."