बंद चालू होता

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी शरयू टिकेकरने कमांड टाइप करून एंटर दाबले आणि काळ्या पडद्यावर उमटलेली ओळ तीनदा वाचली. ब्लॅकआउट चालू, कालावधी चव्वेचाळीस तास दहा मिनिटे.

सर्व्हरचे घड्याळ चुकले असेल, असे तिला आधी वाटले. मग तिने बोटांवर तास मोजले. ते शनिवारी दुपारी बाराला जाऊन थांबले. शनिवारी बाराला ती याच खुर्चीत बसली होती, आणि ब्लॅकआउट सुरू करण्याची कमांड तिनेच दिली होती. पण तो संपला कसा नाही, हे काही केल्या तिच्या लक्षात येईना.

अमेरिकेतल्या अल्फारेटा शहरातली शरयूची कंपनी जॉर्जिया राज्यातल्या साठ औषधदुकानांच्या प्रिस्क्रिप्शनची नोंद सांभाळत असे. त्या डेटाबेसवर पहारा ठेवायला उन्हाळ्यात एक नवे टूल घेतले होते. डिस्क भरत आली किंवा डेटाबेस अडखळला, की ते तिचे वरिष्ठ सहकारी पुरुषोत्तम वैरागडे यांच्या पेजरवर अलार्म पाठवी. टूलला देखणे वेबपेजही होते, पण सुरक्षा विभागाने ते बंद ठेवले होते. त्यामुळे सगळी मांडामांड कमांड लाइनवरून करावी लागे आणि ते काम आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेल्या शरयूकडे होते. दुरुस्तीच्या वेळी डेटाबेस मुद्दाम बंद करावा लागतो. तेव्हा खोटे अलार्म वाजू नयेत म्हणून टूलला काही काळ गप्प बसायला सांगायचे, त्याला ब्लॅकआउट म्हणत. किती वेळ गप्प बसायचे ते सांगता येई. सांगितले नाही, तर पुन्हा बोल म्हणेपर्यंत ते गप्प राही. दुरुस्तीला किती वेळ लागेल हे ठाऊक नसल्यामुळे शरयूने वेळ सांगितली नव्हती.

रविवारी दुपारी डिस्क भरली. टूलने ते पाहिले असेल किंवा नसेल. बोलले मात्र नाही. सोमवारी सकाळी दुकाने उघडली तेव्हा एकाही दुकानात प्रिस्क्रिप्शन दिसेना. मेकन शहरातल्या दुकानात इन्सुलिनसाठी आलेल्या एक वृद्ध बाई दोन तास बाकावर बसून होत्या, असे फोनवर कोणीतरी सांगितले. शरयूला ते बाक दिसू लागले, आणि त्या कोणत्या रंगाचा स्वेटर घालून बसल्या असतील, असा निरर्थक विचार मनात येत राहिला.

दहा वाजता डिस्क मोकळी झाली, दुकाने सुरू झाली. विभागप्रमुख डोना प्रुइट यांनी शरयू आणि पुरुषोत्तम दोघांना बोलावले.

“तीन वाजता मला एका पानाचा अहवाल हवा,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या चौकटीत जबाबदार व्यक्तीचे नाव. एकच.” हे बोलताना त्या पुरुषोत्तमांकडे पाहत होत्या. त्यांच्या टेबलावर पिवळी फाइल होती. ती कसली, हे तिघांनाही माहीत होते. पुरुषोत्तमांच्या व्हिसाची सहा वर्षे पुढच्या वर्षअखेरीस संपत होती. ग्रीन कार्डाचा अर्ज त्याच्या एक वर्ष आधी, म्हणजे या डिसेंबरच्या आत, दाखल झाला नाही, तर त्यांना नागपूरला परतावे लागले असते. मुलगी रुचा दहावीत होती. फाइलवर डोनाची सही तेवढी व्हायची होती.

बाहेर आल्यावर पुरुषोत्तमांनी ब्रेकरूममध्ये चहाची पिशवी गरम पाण्यात बुडवली आणि ती काढायचेच विसरले.

“शरयू, मला एक सांग. मी तुला शनिवारी दोन वाजता घरून फोन केला की नाही?”

“केला ना काका.”

“काय विचारलं?”

“चालू आहे ना, असं विचारलंत.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“मी स्टेटस बघितलं. चालू होता. म्हटलं, हो काका, चालू आहे.”

“मग?”

“तुम्ही म्हणालात, बास, मग घरी जा.”

“हो. मग बंद कुणी केलं?”

“बंद कोणीच नाही केला, काका. म्हणून तर चालू राहिला.”

पुरुषोत्तम तिच्याकडे पाहत राहिले. “काय चालू राहिला?”

“ब्लॅकआउट.”

“अगं, ब्लॅकआउटचं कोण विचारत होतं! मी अलार्मचं विचारत होतो. अलार्म चालू आहेत ना?”

“पण तुम्ही अलार्म म्हणालाच नाहीत.”

“तू तरी ब्लॅकआउट कुठे म्हणालीस?”

शरयूने मनातल्या मनात तो फोन पुन्हा ऐकला. ‘चालू आहे ना?’ ‘हो, चालू आहे.’ त्यात कर्ता नव्हता. कोणाला त्याची गरजही वाटली नव्हती. दोघांना आपापले उत्तर बरोबर मिळाले होते.

“मला वाटलं, तुमचं अजून काही उरलंय आणि तुम्ही खात्री करताय, की टूल अजून गप्प आहे. शनिवारी सकाळी तुम्ही म्हणाला होतात, शेवटचं मी बघतो. म्हटलं, ब्लॅकआउटही तुम्हीच संपवाल.”

“शेवटचं म्हणजे बॅकअप गं!” त्यांनी कपाळावर हात मारला. “आणि मी वेडा. काल मराठी मंडळाच्या पिकनिकला दिवसभर पेजर वाजला नाही. तुझ्या लताकाकूला म्हणालो, बघ, किती छान कॉन्फिगर केलंय पोरीनं, आज साबुदाणावडे शांतपणे खाता आले.”

शरयूला एकदम रडू येईल असे वाटले, आणि त्याच क्षणी तोंडातून निघाले, “म्हणजे काका, बंद चालू होता.”

पुरुषोत्तमांना हसू फुटले. “नागपुरात इतका कडकडीत बंद पाळायला अख्खा पक्ष रस्त्यावर उतरावा लागतो. आपण दोघांनी फोनवर साठ दुकानं बंद पाडली!” हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. “हे बघ, चौकटीत माझं नाव लिही. मी सीनियर आहे. मी नीट विचारायला हवं होतं.”

“आणि फाइल?”

“फाइलचं मी बघतो.”

“आता हेही ‘मी बघतो’ म्हणू नका हो, काका,” शरयू म्हणाली. पुरुषोत्तमांनी काळा झालेला चहा सिंकमध्ये ओतला.

अहवाल लिहायला बसल्यावर तिचा गोंधळ वाढला. इंग्रजीत पहिलेच वाक्य उभे राहीना. ‘त्याने विचारले, ते चालू आहे का.’ इंग्रजीला ‘ते’ हवे होते. पण ‘ते’ म्हणजे काय, हे लिहिताक्षणी दोघांपैकी एक जण खोटा ठरत होता. अलार्म लिहिला, तर तिने चुकीचे उत्तर दिले. ब्लॅकआउट लिहिला, तर त्यांनी चुकीचे विचारले. खरे तेच लिहायचे तर मूळ शब्दच द्यावा लागणार होता. शेवटी तिने लिहिले : ‘आमच्यात प्रश्नोत्तर मराठीत झाले. “चालू” एवढाच शब्द वापरला गेला. तो कशाबद्दल, हे दोघांनीही सांगितले नाही.’ शेवटच्या चौकटीत तिने स्वतःचे नाव लिहिले, कारण कमांड तिची होती. मग बराच वेळ थांबून, चौकट अरुंद असूनही, खाली बारीक अक्षरात पुरुषोत्तमांचेही लिहिले. ते वगळणे म्हणजे त्यांच्यावर उपकार करणे झाले असते, आणि खरे झाले नसते.

चार वाजता अहवाल परत आला. उपायांच्या रकान्यात डोनाने लिहिले होते : ‘चालूचा वापर तत्काळ थांबवावा.’

“हे काय आता?” पुरुषोत्तम कागदावर वाकले. “हिला चालू म्हणजे एखादं सॉफ्टवेअर वाटलं की काय?”

“वाटलं असेल तर?”

“तर बरंच झालं, यार. सॉफ्टवेअरवर गेलं. राहू दे.”

शरयूने कागद हातात घेतला. राहू दिले असते, तर फाइलवर सही बहुधा झालीच असती. पण त्या सहीखाली दडलेला गैरसमज शनिवारसारखाच असता : दोघांनाही आपापले उत्तर बरोबर मिळालेले. ती उठली आणि डोनाच्या केबिनचे दार तिने वाजवले.

“चालू हा प्रोग्राम नाही,” ती उभ्याउभ्याच म्हणाली. “तो शब्द आहे. आमचा. चूक आमची आहे.”

डोनाने चष्मा काढला. “बाळ, मी अहवाल वाचला आहे. शब्द आहे हे मला समजले. तो कामाच्या वेळी वापरू नका, एवढेच म्हटले.” मग त्या खिडकीकडे पाहत म्हणाल्या, “माझी आजी डब्लिनची. जॉर्जियातल्या डब्लिनची. दिवा लावायचा असला तरी ‘कट द लाइट’, दिवा काप, असंच म्हणायची आणि विझवायचा असला तरी. आम्ही पोरं बटणापाशी उभी राहून तिच्या तोंडाकडे पाहायचो.”

यावर हसावे की नाही, हे शरयूला समजेना.

“उद्यापासून ‘चालू आहे का’ असं विचारायचं नाही,” डोना म्हणाल्या. “मग काय करायचं?”

“खोटा अलार्म पाठवून पाहायचा,” शरयू विचार करत म्हणाली. “पेजर वाजला, तरच काम संपलं.”

“ते लिही. आणि तुझ्या नावाखाली त्याचं नाव का लिहिलंस? मी एकच सांगितलं होतं.”

“फोनवर दोघं होतो.”

डोनाने पेन उचलले. त्यांनी अहवालावर सही केली. पिवळी फाइल तिथेच होती. शरयू दारापर्यंत पोहोचली, तेव्हा मागून फाइल उघडल्याचा आवाज आला. तिने वळून पाहिले नाही. आत काय झाले, हे तिला गुरुवारी वकिलाच्या ऑफिसातून पुरुषोत्तमांना आलेल्या फोनवरून समजले : कागद पोहोचले होते, सहीसकट.

त्या शनिवारी पुन्हा दुरुस्ती होती. दोन वाजता फोन वाजला.

“शरयू, चालू—” पुरुषोत्तम अडखळले. “म्हणजे, ब्लॅकआउट संपवलास का?”

“संपवलाय काका. थांबा जरा.” तिने खोट्या अलार्मची कमांड टाइप केली आणि रिसीव्हर कानाला घट्ट लावून वाट पाहू लागली.

पलीकडे बराच वेळ काहीच वाजले नाही. लताकाकूंनी काही विचारल्याचा आवाज आला, कुकरची शिट्टी झाली. शरयूने पडद्याकडे पाहिले. आपण नक्की संपवला ना, अशी शंका तिला पुन्हा आली. आणि मग फोनमधून, कुठल्याशा लाकडी फळीवर थरथरणारा, तो बारीक कर्कश आवाज आला.

“वाजला,” पुरुषोत्तम म्हणाले. “आता घरी जा.”