खिडकीबाहेरचं बाक

आमच्या नानायचं, म्हणजे आईचं, एक ठरलेलं वाक्य आहे. "युमीचा खेळ एका पानाचा आणि तोंड शंभर पानांचं." गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, चर्चमधला पाद्री असो, सगळ्यांना ते ऐकवून झालंय. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, आणि आमच्याकडे तोंड उघडं ठेवणं हा धंद्याचाच भाग आहे, असं मी तिला उलट सुनावते. ती हसत नाही.

खेळ म्हणजे भूमिका घेऊन खेळायचे. टेबलाभोवती चौघंजण बसतात, प्रत्येकजण कुणीतरी दुसरा होतो, आणि पुढची गोष्ट बोलता बोलताच घडत जाते. बाहेरच्या देशांतून या खेळांची पुस्तकं येतात ती विटेसारखी जाड, आणि किंमत ऐकून घाम फुटावा अशी. मनिलाजवळच्या मारिकिनातल्या आमच्या गल्लीत वीट कोण विकत घेणार? घराच्या खिडकीतच थाटलेल्या नानायच्या किराणा दुकानात सगळं सुट्टं मिळतं. एक सिगारेट, लसणाची एक पाकळी, शाम्पूची एक पुडी, पिशवीत बांधलेलं घोटभर व्हिनेगर. मग खेळ सुट्टा का मिळू नये? म्हणून मी अख्खा खेळ एका पानावर बसवते, पानाच्या घड्या घालते आणि दुकानाच्या जाळीवर शाम्पूच्या पुड्यांच्या माळेशेजारी टांगते. नियम, गोष्ट, माणसं, सगळं त्या एका पानात. असे खेळ करणारे आम्ही या भागात पुष्कळ आहोत, मनिलात आहोत, जकार्तात आहोत, सिंगापुरात आहोत, आणि आम्हाला त्याचा गर्व आहे. मी तर तो लपवतही नाही.

नानायने मात्र माझं एकही पान कधी वाचलं नव्हतं. "दिवसभर दुकानात बसते, आता खेळातपण दुकानात बसू का?" असं म्हणायची. कारण माझा नवा खेळ दुकानाचाच होता. त्याचं नाव 'पाबिली पो'. आमच्याकडे गिऱ्हाईक खिडकीशी येऊन 'विकत द्या हो' अशा अर्थाची ही हाक मारतं, तेव्हा दुकानदारीण आतून उठते.

खेळ साधा आहे. एकाने दुकानात बसायचं, बाकीच्यांनी गिऱ्हाईक व्हायचं. गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहून हाक मारायची आणि एक लहानशी वस्तू मागायची. पण मनातून ते दुसरंच काहीतरी न्यायला आलेलं असतं, आणि ते तोंडाने मागायचं नाही. दुकानदाराने वस्तू देता देता, इकडचं तिकडचं बोलत, ते दुसरं शोधून काढायचं. सापडलं तर गिऱ्हाईक खिडकीबाहेरच्या बाकावर बसतं. नाही सापडलं तर वस्तू घेऊन घरी जातं आणि पुन्हा येतं. सगळे बाकावर बसले की खेळ संपला.

दर वर्षी कुया एफ्रेन आमच्या सगळ्यांच्या खेळांतून निवडून एक संग्रह छापतो. कुया म्हणजे मोठा भाऊ, आणि तो आम्हा सगळ्यांचाच मोठा भाऊ आहे. संग्रहात जायचं तर आधी मुक्या टेबलातून जावं लागतं. ज्यांनी खेळ कधी पाहिला नाही अशा चौघांच्या हातात ते पान द्यायचं आणि खेळ करणाऱ्याने शेजारी गप्प बसायचं. एक शब्द बोललात की खेळ बाद. एफ्रेन म्हणतो, तुमचं पान विकत घेणाऱ्याच्या घरी तुम्ही समजावायला जाणार आहात का?

गेल्या वर्षी माझा रिक्षा स्टँडचा खेळ त्या टेबलावर होता. एकाने नियम उलटा वाचला आणि माझ्या तोंडून "अहो, तसं नाही" निघून गेलं. तेवढंच. एफ्रेनने पान उचललं, माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "युमी, हा खेळ तुझ्या तोंडात आहे, पानावर नाही." हे मला फार लागलं. कारण ते खरं असेल तर मी खेळ करणारी नव्हतेच, नुसती बडबड करणारी होते. यंदा मला एवढंच पाहायचं होतं, की माझं पान माझ्याशिवाय चालतं की नाही.

क्युझॉन सिटीतल्या एका कॉफीच्या दुकानाच्या माडीवर शनिवारी दुपारी सगळे जमले. नानाय बरोबर आली होती. दुकान शेजारणीच्या ताब्यात देऊन, पुतोचा, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या केकचा डबा मांडीवर घेऊन. "रिकाम्या हाताने जाऊ नये," असं तिचं म्हणणं. "आणि तोंड बंद ठेवायचंय ना तुला, मग तोंडात काहीतरी लागेल."

टेबलावर तिघंच आले होते. दावावची मार्व्हेलिन, शाळेत शिकवणारी. जकार्ताचा यूडी, पोट सुटलेला, सारखा हसणारा. आणि सिंगापूरचा कोक वेई, उंच, चष्मेवाला, पुलांची कामं करणारा इंजिनियर. चौथा कुठेतरी अडकला होता. एफ्रेनने इकडे तिकडे पाहिलं आणि त्याची नजर डबा उघडणाऱ्या नानायवर गेली. सगळे तिला आलिंग कोन्सिंग म्हणतात, आलिंग म्हणजे मावशी.

"आलिंग कोन्सिंग, तुम्ही हा खेळ कधी खेळलात?"

"खेळते कसली. वाचलापण नाही."

"पोरीने करताना काही सांगितलं असेल की."

"सांगत असते. मी ऐकत नसते."

"मग बसा," एफ्रेन म्हणाला.

मी तोंड उघडलं. एफ्रेनने बोट वर केलं. टेबल सुरू झालं होतं. मी डब्यातला एक अख्खा पुतो तोंडात कोंबला.

पान कोक वेईने उचललं आणि मोठ्याने वाचलं. पहिलीच ओळ होती: ज्याला दुकान चालवता येतं त्याने दुकानात बसायचं नाही. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मार्व्हेलिनच्या मावशीचं दुकान होतं. यूडीच्या बायकोचं होतं. नानायला तर विचारायलाच नको.

"मी सगळं मॉलमध्ये घेतो," कोक वेई ओशाळून म्हणाला.

"मग तूच बस," मार्व्हेलिन म्हणाली.

तो एका खुर्चीमागे बसला, ती झाली खिडकी. बाजूला तीन खुर्च्या जोडून बाक केलं. यूडी पुढे आला, हाक मारली, एक सिगारेट मागितली. कोक वेई गडबडला. काय बोलावं ते सुचेना. तेवढ्यात नानाय उठून खिडकीमागे त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"अरे, नुसती सिगारेट काय देतोस? काडेपेटी विचार. आणि याचा चेहरा बघ, हा सिगारेटसाठी आलेला नाही, याचं घरी भांडण झालंय. हो ना रे?"

यूडीचं हसू जागच्या जागी थांबलं. बरोबर होतं ते. तिला खिडकीशी आलेला माणूस बघितल्यावर कळतं, आणि त्यासाठी तिला पान लागत नाही. पण अशी ती सगळ्यांना बाकावर बसवून मोकळी झाली असती आणि माझा खेळ पाच मिनिटांत आटोपला असता. माझी जीभ नुसती वळवळत होती. नानाय, बाहेर ये. तीनच शब्द. घरी मी हे तिला दिवसातून दहादा म्हणते, नानाय, बाहेर ये, जेवून घे, मी बसते दुकानात. ती कधी आलेली नाही. मी आणखी एक पुतो खाल्ला. पिठाने घसा कोरडा पडला तरी पाणी मागता येईना.

कोक वेईने पानावर बोट ठेवलं. चष्मा वर सरकवला. आणि अगदी आदबीने म्हणाला, "आलिंग कोन्सिंग, इथे लिहिलंय, ज्याला दुकान चालवता येतं त्याने आत यायचं नाही. तुम्ही बाहेर आहात."

नानायने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"असं लिहिलंय?"

"हो. खाली असंपण आहे, की त्याला बाहेरून कसं दिसतं ते एकदा बघू द्या."

पदर नसतो आमच्याकडे, नाहीतर नानायने तो खोचला असता. ती खुर्चीला वळसा घालून बाहेर आली. जे मला आजवर जमलं नव्हतं ते माझ्या पानाने केलं होतं, तेही मी तोंडात पुतो धरून बसलेली असताना. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग खेळ चालला. कोक वेईला जमू लागलं. पुलांची कामं करणाऱ्याला घाई नसते, आणि दुकानदारीत तेच हवं असतं. यूडी बाकावर बसला. मार्व्हेलिन दोनदा नुसतंच मीठ घेऊन परत गेली, तिसऱ्यांदा कोक वेईने तिला तिच्या बदलीबद्दल विचारलं आणि तीही बसली. मग नानायची पाळी आली.

तिने हाक मारली. "पाबिली पो." आवाज एवढा लहान निघाला की मला तो ओळखू आला नाही. बरोबरच आहे, ती हाक तिने आयुष्यभर आतून ऐकलेली.

"काय देऊ?" कोक वेईने विचारलं.

"लसूण. एक पाकळी."

"पाहुणे येणार आहेत?"

"नाही."

"तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत."

"दुकान कसं चाललंय?"

"चाललंय." ती पाकळी घेऊन घरी गेली, म्हणजे भिंतीपर्यंत जाऊन परत आली. पुन्हा लसूण. पुन्हा पाकळी. कोक वेईने हवा-पाणी विचारलं, गुडघे विचारले, नवऱ्याचं विचारलं. तातायला, म्हणजे माझ्या वडलांना, जाऊन वर्षं झाली, ते तिने सांगितलं, पण बाकावर काही बसली नाही. यूडी आणि मार्व्हेलिन बाकावरून तिच्याकडे बघत होते. एखादं गिऱ्हाईक कधीच बसलं नाही तर काय करायचं, ते मी पानावर लिहिलेलं नव्हतं.

नानाय तिसऱ्यांदा आली. कोक वेई पानाकडे बघत राहिला. तिथे तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, जागा उरली म्हणून टाकलेली: काही सुचलं नाही तर दुकानात काय टांगलंय ते बघा.

त्याने वर पाहिलं. माडीवर बांधलेल्या दोरीला, टेबलानंतरच्या विक्रीसाठी, आमच्या सगळ्यांची पानं चिमट्यांनी लावलेली होती.

"आलिंग," तो म्हणाला, "ही दोरीला टांगलेली पानं कसली हो?"

नानाय बाकावर बसली.

लगेच बसली, गुडघ्यांची तक्रार न करता. आणि म्हणाली, "बरं झालं विचारलंस. कुणी विषयच काढत नाही, आणि आपण होऊन आपल्याच पोरीची बढाई कशी मारायची? माझी मुलगी करते हे. खेळ. एका पानात बसवते सगळं. मोठ्या पुस्तकात जमत नाही ते."

मी हातातला पुतो खाली ठेवला.

"विकले जातात का?" कोक वेई आता चांगलाच दुकानदार झाला होता.

"तिला वाटतं विकले जातात," नानाय म्हणाली. "पहिला मी फुकट देते. नूडल्सच्या पाकिटाबरोबर, न विचारता, पिशवीत घालून. शाम्पूचं पण असंच असतं, पहिली पुडी फुकट. दुसरी मागायला माणूस आपणहून येतो."

गेल्या महिन्यात सगळी पानं संपली म्हणून मी दवाखान्यात मिठाई वाटली होती. मला ओरडावंसं वाटलं. एफ्रेन माझ्याकडेच टक लावून बघत होता.

"आणि येतात?" बाकावरून मार्व्हेलिनने विचारलं.

"येतात म्हणजे? रिक्षावाले येतात. स्टँडवर खेळतात दुपारचे. पत्ते सोडलेत त्यांनी. कोपऱ्यावरची शिंपीण आली होती, म्हणाली, युमीने नवीन काही केलं का? आणि हा दुकानाचा," तिने टेबलावरचं पान बोटाने दाबलं, "हा मी वाचला नव्हता. वाटलं, यात काय असणार, मला माहीत नसलेलं. मला बाहेर काढलं की हिने. एका ओळीत."

बाक भरलं होतं. पानावर लिहिल्याप्रमाणे खेळ संपला होता, पण कुणीच उठत नव्हतं.

एफ्रेन आला. त्याने पान उचललं, आणि मला गेल्या वर्षीचा तो क्षण आठवला. यंदा त्याने ते माझ्या हातात दिलं नाही. आपल्या निळ्या फोल्डरमध्ये ठेवलं, संग्रहाच्या.

"आता बोलू शकतेस, युमी," तो म्हणाला. "यांना काही समजावून सांगायचंय?"

तिघं माझ्याकडे वळले. नानाय वळली नाही, ती डब्यात पुतो किती उरले ते बघत होती. शंभर पानांचं माझं तोंड, आणि त्यात सांगण्यासारखं एक अक्षर नव्हतं. इतकं चांगलं मला कधीच वाटलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "सगळं पानावर आहे."

परतीच्या सवारी जीपमध्ये नानाय माझ्या समोरच्या बाकावर बसली. तिच्या शेजारी बाजाराच्या पिशव्या घेतलेली एक अनोळखी बाई होती. जीप कातिपुनानच्या रस्त्याला वळायच्या आत नानायने त्या बाईच्या पिशवीत घडी घातलेलं एक पान सरकवलं आणि सुरुवात केली. "ही माझी मुलगी. हिचा खेळ आज सिंगापूरच्या सरकारने घेतला."

साफ चूक होतं. मी खिडकीबाहेर बघितलं आणि गप्प बसले.