चोपन्नाव्या पानावरच्या रेघा

मित्रांनो, मी इंग्रजी व्याकरणाची सरावपुस्तिका. वय वर्षं सहा. आम्हा पुस्तिकांमध्ये हे म्हातारपणच. माझ्याबरोबर छापलेल्या बहुतेक जणी केव्हाच भेळेचे पुडे झाल्या. मी टिकले, त्याचं श्रेय ज्यांनी मला वाचलं नाही त्यांना.

बुधवार पेठेतल्या दुकानातून मी हडपसरला अर्णवच्या घरी आले, तेव्हा काय ऐट होती माझी! त्याच्या आईने मला कव्हर घातलं, नाव घातलं आणि तिथेच माझे लाड संपले. एकशे अठ्ठावीस पानांपैकी अर्णवने वाचली अकरा; पेन्सिलने भरली मात्र सगळी. कारण आई रोज पान भरलंय का एवढंच बघायची, काय भरलंय ते नाही. चोपन्नावं पान तर त्याने क्रिकेटचा सामना बघताना, जाहिरातींच्या वेळात उरकलं.

त्या पानावर फायनाइट आणि नॉन-फायनाइट क्रियापदं आहेत. वर चौकटीत नियम छापलाय: वाक्यातला कर्ता बदलून बघा, काळ बदलून बघा. त्यांच्याबरोबर जे क्रियापद रूप बदलतं ते फायनाइट. जे कुणालाही न जुमानता तसंच राहतं ते नॉन-फायनाइट. खाली पाच वाक्यं, त्यांतल्या फायनाइट क्रियापदाखाली रेघ मारायची. अर्णवने सरसकट प्रत्येक वाक्यातल्या शेवटच्या क्रियापदाखाली रेघ ओढली. पाचही चूक. पुढे त्याला दहावीला एक्क्याण्णव टक्के पडले. त्यात माझा वाटा शून्य, तरी पेढे वाटताना आईने मलाही मिरवलं. मग मी माळ्यावर गेले.

तिथून मला खाली आणलं मैनाताईंनी. त्या अर्णवकडे पोळ्या करायच्या. दहावीचे बाकी विषय सुटून इंग्रजी राहिलं होतं, ते बावीस वर्षं तसंच राहिलं. आता एका दवाखान्यात रुग्णसेविकेचं काम मिळत होतं, पण दहावी पास असाल तरच.

"घ्या मैनाताई," अर्णवची आई मला झटकत म्हणाली, "सगळी सोडवलेली आहे. आयती उत्तरं!"

मैनाताई हात पदराला पुसल्याशिवाय मला उघडत नसत. असं प्रेम मला कुणी दिलं नव्हतं. पण त्या चौकट सोडून रेघा पाठ करायच्या. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे त्यांना त्या रेघा पटल्यासुद्धा. 'अहो बाई, वर बघा!' असं ओरडावंसं वाटायचं. पण मला पानं आहेत, तोंड नाही.

दहावीला पुन्हा बसणाऱ्या बायकांच्या दुपारच्या वर्गात त्या जायच्या. तिथे सराव परीक्षा झाली. शिकवणाऱ्या भाग्यश्री मॅडमनी पेपर परत दिला.

"मैनाताई, फायनाइट क्रियापदांच्या प्रश्नात पाचपैकी शून्य. डोळे मिटून रेघा मारल्या असत्यात तरी दोन बरोबर आल्या असत्या. इतकं नेमकं चुकायला अभ्यास लागतो. कुठून केलात?"

"ह्यातनं." मैनाताईंनी माझं चोपन्नावं पान पुढे केलं. "उत्तरं लिवलेलीच हायेत की. एक्क्याण्णव टक्केवाल्या पोराची हायेत."

"टक्के त्याचे, पेपर तुमचा. पहिलं वाक्य वाचा."

"शी वॉन्ट्स टू लर्न."

"आता 'शी'च्या जागी 'दे' घाला."

"दे वॉन्ट टू लर्न."

"आणि शीचीच कालची गोष्ट असेल तर?"

"शी वॉन्टेड टू लर्न." मैनाताईंनी पानाकडे बघितलं. 'टू लर्न' जागचं हललं नव्हतं, आणि अर्णवची रेघ नेमकी त्याच्याखाली होती.

"म्हंजी त्याचं चुकलंय?" त्यांनी इतक्या हळू विचारलं, जणू चूक त्यांचीच होती.

दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता त्यांनी अर्णवला गाठलं.

"काय रे, चोपन्नावं पान झोपेत लिवलंस का?"

अर्णवने पान बघितलं आणि कान पकडले. "सॉरी मावशी, मॅच चालू होती! आणा इकडं, दोन मिनिटांत करेक्ट करून देतो."

मैनाताईंनी पिठाच्या हातानेच मला मागे ओढलं. "हात लावायचा न्हाई. खोडरबर दे तेवढं."

मग सुरू झाली माझी खरी नोकरी. रोज एक पान कोरं व्हायचं आणि त्यावर मैनाताईंचं ठसठशीत अक्षर उमटायचं. चुका होत्या, पण त्यांच्या स्वतःच्या. आणि त्या दुसऱ्या दिवशी परत होत नव्हत्या. पुरवणी परीक्षेत इंग्रजीला बेचाळीस गुण पडले. मैनाताई दवाखान्यात लागल्या.

कामावर रुजू व्हायच्या आधी त्यांनी मला वर्गातल्या सरुबाईंना द्यायचं ठरवलं. पण त्याआधी अख्खी दुपार बसून स्वतःची सगळी उत्तरं खोडली. सरुबाई बघून कळवळल्या.

"अगं, ऱ्हाऊ दे की! बरोबर हायेत ना?"

"बरोबर हायेत," मैनाताई रबराचा चुरा फुंकत म्हणाल्या, "म्हणूनच खोडतीय."

मित्रांनो, आम्हाला कव्हर घाला, आमचे कोपरे दुमडू नका. हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं एवढंच, की आम्हाला दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी एकदा कोरं करा. पुढच्या माणसालाही विचार करायला जागा लागते.