कोणाचा जिल्हा

कडूबाच्या नातीला, समीक्षाला, पहिलं बाळ झालं ते साल दोन हजार चोवीस. बाळंतपण माहेरीच झालं. बारसं उरकून ती सासरी गेली आणि घर पुन्हा सामसूम झालं, त्या कार्तिकातली ही गोष्ट.

कडूबाचं गाव खैरखेड. देऊळगाव राजाच्या खाली, जालन्याच्या अंगाला. गावाच्या शिवेवर एक ओढा आहे. ओढ्याच्या अलीकडे बुलढाणा जिल्हा, पलीकडे जालना. उन्हाळ्यात त्या ओढ्यात पाऊलसुद्धा ओलं होत नाही. बकऱ्या सकाळी एका जिल्ह्यात चरतात आणि दुपारी दुसऱ्यात, त्यांना कोणी काही विचारत नाही. जुनी माणसं पलीकडच्या मुलखाला अजून मोगलाई म्हणतात. निजामाचं राज्य जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पण तोंडातला शब्द काही गेला नाही. कडूबाची थोरली बहीण अंबूबाई, जिला तो नुसतं ‘बाई’ म्हणायचा, त्या मोगलाईत, चिंचवाडीला दिलेली होती. कडूबाच्या घराच्या धाब्यावर उभं राहिलं की तिच्या गावातल्या देवळाचा कळस दिसायचा.

एके दिवशी सकाळीच दयारामचा फोन आला. दयाराम म्हणजे अंबूबाईचा एकुलता मुलगा, कडूबाचा भाचा. ओढ्याकाठी रेंज धड लागत नाही, त्यामुळे शब्द तुटत तुटत येत होते.

“मामा, मायच्या पोटात कालपास्नं कळा येऊ लागल्या. जिल्ह्याला आणलंय तिला. डॉक्टर म्हणतेत आतड्याला पीळ पडला, ऑपरेशन करावं लागंल. अन् ही ऐकंना. म्हणती, माझा भाऊ आल्याबिगर पोटाला हात लावू द्यायची नाही. तुम्ही निघा बरं लगेच.”

“निंघालोच,” कडूबा म्हणाला, आणि फोन कटला.

लेकीबाळीच्या जिवावर बेतलं की माहेरचं माणूस समोर लागतं, ही आपल्याकडची रीत. नाहीतर बरंवाईट झाल्यावर माहेरचे म्हणायला मोकळे, की आमची पोर तुम्ही मारली. अंबूबाईच्या माहेरचं म्हणावं असं माणूस आता एकच उरलं होतं, ते म्हणजे कडूबा.

आता घोळ कुठे झाला ते सांगतो. कडूबाच्या लेखी जालना म्हणजे बाजार. मोसंबी जालन्याला विकायची, बी जालन्याहून आणायचं, लग्नाचा बस्ता जालन्याला. पण जिल्हा म्हणजे बुलढाणा. शेताचा वाद, कोर्टाची तारीख, डोळ्यातला मोतीबिंदू, सगळं जिल्ह्याला. जालन्याला कोणी जिल्हा म्हणत असेल हे त्याच्या मनात जन्मात आलं नव्हतं. दयाराम बोलला तो त्याचा जिल्हा, आणि कडूबानं ऐकला तो आपला.

बायको रुखमाबाईनं फडक्यात भाकरी बांधून दिली. “पैसे घेतले का? मफलर घ्या. जिल्ह्याले थंडी राह्यते,” ती म्हणाली. कडूबानं सगळं घेतलं, फक्त फोन तेवढा भिंतीला चार्जिंगला लटकत राहिला.

देऊळगाव राजाच्या स्टँडवर जालन्याची गाडी लागलेलीच होती. कंडक्टर दारात उभा राहून “जालना, जालना, बसून घ्या” ओरडत होता. कडूबानं त्यालाच विचारलं, “बुलढाण्याची कुठी लागते बापू?” कंडक्टरनं दुसरीकडे हात दाखवला. कडूबा त्या गाडीच्या अंगाला अंग घासून पुढे गेला, चिखलीमार्गे जाणाऱ्या गाडीत बसला आणि खिडकीशी डोकं टेकवून देवाला म्हणाला, गाडी लवकर पोचू दे.

बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर मयुरी नावाची मुलगी बसली होती. समीक्षाच्या वयाची.

“पेशंटचं नाव?”

“अंबूबाई. पोटाच्या कळा. आज सकाळी आणली.”

मुलीनं कॉम्प्युटरात पाहिलं. “एक अंबूबाई आहेत. बायकांच्या वॉर्डात, कोपऱ्यातली कॉट. जा.”

कडूबाचा जीव भांड्यात पडला. कोपऱ्यातल्या कॉटवर एक म्हातारी भिंतीकडे तोंड करून निजली होती. तोच पांढरा अंबाडा, तशीच वाळकी पाठ. तो स्टुलावर बसला आणि हळूच म्हणाला, “बाई, मी आलो. आता कापू दे त्याहिले.”

म्हातारी वळली. “कोन रे? भगवान आला का?”

ती दुसरीच बाई होती. देऊळघाटची. तिच्या उशाशी कोणी नव्हतं. तिनं पाणी मागितलं, कडूबानं पाजलं. तोंड पुसून तिनं विचारलं, “तू भगवान नाही, तर मंग कोन व्हय?” “मी दुसऱ्या अंबूबाईचा,” एवढंच तो म्हणाला आणि उठला.

खिडकीवर परत आला तेव्हा मयुरी डबा उघडत होती.

“पोरी, ते माही बहीन नाही. माही दुसरी हाय. चिंचवाडीची.”

“चिंचवाडी कोणत्या जिल्ह्यात येते, बाबा?”

“जिल्ह्यात येते म्हंजे? आनली ना आज जिल्ह्यात.”

“तसं नाही हो. गाव कोणत्या जिल्ह्यात आहे?”

“गाव ओढ्यापल्याड हाय.”

“बाबा, ओढा जिल्हा असतो का?”

“तेच तं मी म्हनून राह्यलो. जिल्हा हा हाय. म्हनून तं आलो.”

मागच्या रांगेतला एक जण हसला. “मॅडम, बाबाले आधी नकाशा द्या, मंग केसपेपर!” कडूबाला राग आला नाही, नुसता घाम आला. आपण सरळ बोलतो आहोत आणि समोरच्याला ते वाकडं ऐकू येतं आहे, असं त्याला वाटत होतं. हे सगळं होतंय तोवर तिकडे बाई पोट धरून पडली असेल.

मयुरीला दया आली. तिनं आपला मोबाइल पुढे केला. “घरचा नंबर आहे का पाठ?”

स्वतःचा नंबर त्याला पाठ होता. समीक्षानं पाढ्यासारखा घोकून घेतला होता. पलीकडून रुखमाबाई बोलली, “कोन? आमचे हे घरी नाहीत. जिल्ह्याले गेले.”

“अवं मीच बोलून राह्यलो!”

“अहो, मंग हा कोनाचा फोन? दयारामाचे चार फोन येऊन गेले. मी सांगतलं, ते कवाच जिल्ह्याले गेले. तो म्हने, मामी, मी गेटावरच उभा हाय, मामा काही दिसंना.”

“मीबी आतच हाय. सगळे वार्ड पाह्यले. तो काऊन दिसून नाही राह्यला?”

“आता मी इथून काय सांगू? तुम्ही जिल्ह्याले, तो जिल्ह्याले, अन् धुंडून राह्यले एकमेकाले. गेटावर जा ना!”

मयुरीनं फोन मागून घेतला. “आजी, ते दयाराम कोणत्या जिल्ह्याला आहेत?”

“कोनत्या म्हंजे? त्यायच्या.”

“त्यांच्या म्हणजे?”

“अवं माय, त्यायचा जिल्हा तो त्यायचा. जालना नाही का.”

फोनवरचं ते बोलणं कडूबालाही ऐकू गेलं. खिडकीचा गज धरून तसाच उभा राहिला. आपल्या गावाहून जालना बुलढाण्याच्या अर्ध्या वाटेइतकंसुद्धा लांब नाही; तो तर निघाल्यापासून बहिणीकडे पाठ करूनच चालला होता.

“बाबा, पाणी पिता का?” मयुरी म्हणाली.

“नको. गाडी केव्हा हाय ते सांग.”

तीच चिखली, तेच रस्ते, तीच शेतं उलट्या बाजूनं परत गेली. फडक्यातली भाकरी त्यानं सोडली नाही. शेजारी बसलेल्या मास्तरासारख्या दिसणाऱ्या माणसाला त्यानं विचारलं, “साहेब, एका मानसाचा जिल्हा दुसऱ्याहून अलग कसा राह्यतो? आम्ही सख्खे बहीनभाऊ हाव.” त्या माणसानं समजावून सांगितलं: गावांचा तालुका, तालुक्यांचा जिल्हा, जिल्ह्यांचा विभाग, विभागांचं राज्य. आपण अमरावती विभागात, जालना दुसऱ्या विभागात. कडूबानं मान हलवली. ऐकताना सगळं कळत होतं, आणि ऐकून झाल्यावर डोक्यात ओढाच तेवढा उरत होता.

जालन्याच्या दवाखान्याच्या गेटावर पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. दयाराम नव्हता. कडूबानं दारावरच्या शिपायाला विचारलं, “चिंचवाडीची अंबूबाई?”

शिपाई आत जाऊन आला. “तिला वर पाठवलं, बाबा. दुपारी.”

कडूबा मटकन पायरीवर बसला. मफलर तोंडावर घेतला. शिपायाला आधी उमगलं नाही, मग तो धावत आला. “अहो, तसं वर नाही! उठा, उठा! इथं जमणार नव्हतं, म्हणून मोठ्या दवाखान्यात पाठवलं, विभागाच्या ठिकाणी!”

कडूबानं तोंडावरचा मफलर काढला. “जित्ती हाय?”

“जिवंत आहे तर. अँब्युलन्समधून भांडत गेली.”

“विभाग म्हंजे… अमरावतीले?”

“अमरावती कशाला मधेच आली? संभाजीनगरला!”

कडूबा उठला. या खेपेला तो शहाणा झाला होता. त्यानं शिपायाच्या शर्टाची बाही धरली आणि विचारलं, “हे पाहा बापू, हा विभाग कोनाचा? माहा का बाईचा?”

“तुमच्या बाईचा.”

“बाईचाच ना? परत सांग.”

शिपायानं परत सांगितलं. स्टँडवर कडूबा औरंगाबादची गाडी शोधत होता आणि तशी पाटी एकाही गाडीवर नव्हती. शेवटी एका कॉलेजच्या मुलीनं त्याला हात धरून गाडीत बसवलं.

दिवे लागल्यावर तो बहिणीच्या कॉटशी पोचला. दयाराम वाकून पाया पडला. दिवसभर मामाला शिव्या घालून झाल्या असाव्यात, आता त्यानं स्टूल पुढे सरकवलं. अंबूबाईचं तोंड सुकलं होतं, पोट फुगलं होतं, पण जीभ शाबूत होती.

“कुठं उलथला होतास रे कडू?”

“जिल्ह्याले गेलतो, बाई.”

“कोणाच्या?”

“आपल्या.”

“आपल्या!” तिला हसू आलं आणि त्यासरशी कळ आली. कळ जाईपर्यंत तिनं त्याचं मनगट आवळून धरलं. “माझ्या बापानं मला मोगलाईत टाकली, अन् तू वऱ्हाडात धुंडतो. माझा जिल्हा तुझा राह्यला का रे आता? साठ वरसं झाली.”

“मले काय मालूम? मले वाटलं, जिल्हा एकच राह्यते.”

“येडं ते येडंच. बरं, ऐक. हे पोट फाडायचं म्हणतेत. देऊ का फाडू?”

“दे, बाई. तवाच द्यायचं होतं. माही वाट काऊन पाह्यली?”

“तुझ्यासाठी नाही पाह्यली, याच्यासाठी पाह्यली.” तिनं दयारामकडे बोट केलं. “मी टेबलावर गेले तर उद्या तू येशील, अन् तुझ्या गावची चार माणसं येतील, अन् माझ्या लेकाला म्हणतील, मायला मारलं. म्हणून तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. काही झालं तर याला बोल लावायचा नाही. कबूल?”

“कबूल.”

“तसं नाही. याच्या डोक्यावर हात ठेवून सांग.”

कडूबानं भाच्याच्या डोक्यावर हात ठेवला. “कबूल, बाई.”

“मग बोलाव त्या डॉक्टराला,” ती म्हणाली. “लई वेळ केला मेल्यानं.”

हे शेवटचं डॉक्टरला होतं की भावाला, ते कडूबाला कळलं नाही.

ऑपरेशन झालं. आतड्याचा बराच भाग काळा पडला होता, असं डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं. मग म्हणाले, “सकाळीच हो म्हणाल्या असत्या तर सोपं गेलं असतं.” कोणाला बोल लावून ते बोलले नाहीत. पण दयारामनं मामाकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली.

कडूबाला काहीतरी म्हणावंसं वाटलं. दयारामला बोल लावायचा नाही हे तर कबूल केलेलं. दयारामनं जिल्हा म्हटलं ते खरंच होतं. रुखमाबाईनं सांगितलं तेही खरं. आणि आपणही जिल्ह्यालाच गेलो होतो. सगळे खरं बोलले आणि सगळे बरोबर ठिकाणी गेले, मग बाईचा दिवस कोणी खाल्ला, हे त्याला कितीही विचार केला तरी उमजेना.

“मामा, चहा घेता का?” दयारामनं विचारलं.

“घेतो,” कडूबा म्हणाला.

अंबूबाई त्यानंतर शुद्धीवर आली नाही. कार्तिक वद्य एकादशीला, दुपारी, संभाजीनगरच्या दवाखान्यात ती वारली.