देवकावर शिक्का

अंबुबाईंना राजकारणाचा कंटाळा होता असं म्हणता येणार नाही. कंटाळा यायलाही आधी त्या गोष्टीकडे ढुंकून पाहावं लागतं. त्यांच्या लेखी राजकारण म्हणजे जेवण झाल्यावर पुरुषांनी पान चघळत कट्ट्यावर बसून करायचा उद्योग. यापूर्वी त्यांनी दोनदा मत दिलं होतं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर त्याचं चित्र असे. नवऱ्यानं घरून निघताना चित्र सांगितलं, यांनी त्या पेटीत कागद टाकला आणि येताना मार्केटातून कोथिंबीर आणली. कोथिंबीर चांगली निघाली होती हे त्यांच्या लक्षात होतं. चित्र कशाचं होतं ते मात्र पार विसरलं होतं.

त्यांना खरा कंटाळा होता तो पाण्याचा. कॉटनपेटेमागची त्यांची गल्ली सगळी मराठ्यांची. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आमचे पूर्वज बंगळुरात आले, असं इथलं प्रत्येक घर सांगायचं. राजे आले, गेले, साहेब आला, गेला, पण गल्लीत नळ काही आला नाही. नळ होता पलीकडच्या गल्लीत, कारण तिथे देवाप्पा राहायचा आणि देवाप्पा कार्पोरेशनचा मेंबर होता. रोज सकाळी अंबुबाई दोन घागरी घेऊन त्या गल्लीत जायच्या आणि तिथल्या बायकांचं भरून होईपर्यंत भिंतीला टेकून उभ्या राहायच्या.

"स्वल्प थांबा अक्का, पाहुणे शेवटी," असं तिथली यल्लव्वा म्हणायची. ती बेळगावाकडची, जिभेला धार असलेली. इतकी वर्षं रोज पाहुणी म्हणवून घेणं अंबुबाईंच्या जिवावर यायचं, पण करता काय? पाणी त्यांचं होतं.

साठ-बासष्टच्या सुमाराला कार्पोरेशनची निवडणूक लागली आणि गल्लीनं ठरवलं, की यंदा आपला माणूस उभा करायचा. आप्पाजींना उभं राहायचं होतं, शिवाप्पांनाही राहायचं होतं. दोघांनी तीन बैठका एकमेकांची उणीदुणी काढण्यात घालवल्या. शेवटी ज्याचं कुणाशीच भांडण नाही असा माणूस शोधू लागले, तर तसा गल्लीत एकच सापडला: अंबुबाईंचे यजमान मल्हारराव. त्यांचं भांडण नव्हतं कारण ते कुणाशी बोलतच नसत. गिरणीत कारकुनी करावी, घरी येऊन पुस्तकात डोकं घालावं, असा त्यांचा जन्म चालला होता.

"अहो पण मला बोलता येत नाही," ते कळवळून म्हणाले.

"म्हणूनच तर!" आप्पाजी म्हणाले. "बोलणारा मेंबर बघितला की गेली पाच वर्षं."

मल्हाररावांना अपक्ष म्हणून चिन्ह मिळालं ते झाड. गल्लीत साखर वाटली गेली. मराठ्यांच्या घराघरांत देवक असतं. लग्नाआधी ज्याची पूजा करायची ते कुळाचं झाड, त्याला एरवी कुणी कोयता लावत नाही. इथल्या बहुतेक घरांचं देवक कुठलं ना कुठलं झाडच होतं. प्रत्यक्ष देवकच निवडणुकीला उभं राहिलंय म्हटल्यावर आता कसली काळजी!

काळजी निघाली ती घरातूनच. या खेपेला पेट्या जाऊन मतपत्रिका आली होती. एकाच कागदावर चारही उमेदवारांची चित्रं, आणि आपल्या माणसाच्या चित्रावर फुलीचा शिक्का मारायचा. शिवाप्पांनी नमुन्याचा कागद आणून ओसरीवर बायकांना दाखवला. अंबुबाईंच्या सासूबाई सकवारबाई चष्मा नाकावर ओढून बराच वेळ तो कागद बघत राहिल्या.

"फुली कशावर मारायची म्हणालास?"

"झाडावर, काकी."

"देवकावर फुली?" सकवारबाईंनी कागद असा ठेवला की जणू तो भाजला. "तुझी जीभ कशी रे उचलली? पोराच्या पाटीवर चुकलं तिथं मास्तर फुली मारतो. देवकावर मारायला देवक चुकलं काय?"

"काकी, ती सरकारची पद्धत—"

"सरकार आमच्या कुळातलं नाही. ऐका गं सगळ्या. बाकीच्या तिघांवर मारा फुल्या, चांगल्या दाबून मारा. आपलं झाड मोकळं ठेवा. मोकळं दिसलं की सरकारला समजेल."

सगळ्या बायकांना ते पटलं. खरं सांगायचं तर अंबुबाईंनाही पटलं. नको त्यावर फुली मारायची आणि हवं ते ठेवायचं, यात न समजण्यासारखं काय आहे? शिवाप्पा कपाळाला हात लावून निघून गेले. सकवारबाईंशी वाद घालून जिंकलेला माणूस गल्लीत अजून जन्मायचा होता.

दुसऱ्या दिवशी नळावर अंबुबाईंनी थोड्या दिमाखातच ही युक्ती यल्लव्वाला सांगितली. यल्लव्वानं घागर खाली ठेवली आणि पोट धरून हसली.

"अय्यो अक्का! तीन फुल्या मारल्या की तो कागद बाद! टाकून देतात तो!"

"कोण म्हणतं?"

"आमच्या देवाप्पांनी सगळ्यांना बसवून शिकवलंय. तुम्ही मात्र तसंच करा हं. मोकळं ठेवा तुमचं झाड. आणि या मग पाच वर्षं आमच्याकडे पाण्याला, पाहुण्या!"

सगळा नळ हसला. अंबुबाई अर्धी घागर घेऊन घरी आल्या. कान तापले होते. मल्हारराव जेवायला बसले होते. भाकरी वाढता वाढता अंबुबाईंनी विचारलं, "मतं मोजतात कशी हो?"

मल्हाररावांचा घास हातातच राहिला. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली, त्यात बायकोनं असला प्रश्न कधी विचारला नव्हता. त्यांनी ताटात मिठाची कार्पोरेशन केली, लोणच्याच्या फोडींचे वॉर्ड केले. कुठला कागद धरतात, कुठला बाद करतात, मेंबर किती, नळाचा ठराव कुठल्या कमिटीत जातो, सगळं सांगितलं. अंबुबाई आ वासून ऐकत राहिल्या. म्हणजे नळ देवाप्पाच्या खिशातून आला नव्हता! चार माणसं एका खोलीत बसून हात वर करतात आणि पाणी इकडचं तिकडे वळतं. मग हे त्यांना कुणी आजवर सांगितलं का नाही?

"तू विचारलं नाहीस," मल्हारराव म्हणाले. मग हळूच पुढे म्हणाले, "राहू दे गं. आईला कोण समजावणार? पडलो तर पडलो. सुटेन तरी."

"तुम्ही सुटाल. घागर माझ्या कमरेवर आहे."

ती दुपार अंबुबाईंनी तांदूळ निवडत घालवली. खडे किती निघाले देव जाणे, पण एक गोष्ट सापडली. संध्याकाळी सासूबाई वाती वळत बसल्या होत्या, त्यांच्यासमोर जाऊन बसल्या.

"आत्या, माझ्या लग्नात देवक कसं आणलं होतं?"

"कसं म्हणजे? वाजतगाजत. हळदकुंकू लावलं, सुपारी-अक्षता देऊन आमंत्रण केलं, आणली फांदी."

"फांदी आपोआप पडली?"

सकवारबाईंनी सुनेकडे रोखून पाहिलं. "कुऱ्हाडीनं तोडली. तुझ्या सासऱ्यांनी तोडली."

"देवकाला कुऱ्हाड चालली?"

"आधी परवानगी मागितली होती. हात जोडून मागितली की देवक रागावत नाही."

"मग शिक्क्याचीही मागू या की. कुऱ्हाडीपुढे शिक्का म्हणजे काय, मच्छर चावल्यासारखं."

वात अर्धीच राहिली. सकवारबाईंनी ती बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "हे तुला मल्ह्यानं शिकवलं?"

"त्यांना तर पडायचंय."

"मेला बापावर गेलाय," सकवारबाई म्हणाल्या, आणि अंबुबाईंना कळलं की आपण जिंकलो.

पण सासूबाई कुठलंही काम अर्ध्यावर सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. कागदावरचं झाड नक्की कुठलं ते चित्रावरून समजत नव्हतं. कुणाचं देवक आंबा, कुणाचं पिंपळ, कुणाचं वड, कुणाचं उंबर, कुणाचं जांभूळ. एकाला बोलावलं आणि दुसरं रुसलं तर? तेव्हा पाचही झाडांना आमंत्रण. रविवारी सकाळी गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका नऊवारी नेसून, ताटं घेऊन बाहेर पडल्या. पुढे सनई आणि डोलू ढोल, मध्ये सकवारबाई, सर्वांत मागे शरमेनं पागोट्याच्या झिरमिळ्यांत तोंड लपवणारे मल्हारराव. पेठेतली माणसं दुकानांतून बाहेर येऊन विचारत होती, "यारदु मदुवे? कुणाचं लग्न?"

"लग्न नाही, इलेक्शन!" बायका ओरडून सांगत होत्या. "झाडाला आमंत्रण!"

आप्पाजींच्या आठ सभांना जेवढी माणसं जमली नव्हती तेवढी त्या मिरवणुकीनं एका सकाळी जमवली. पिंपळ झाला, वड झाला, उंबर झालं, जांभूळ झालं. आंबा राहिला. आणि त्या भागातला एकुलता एक मोठा आंबा होता देवाप्पाच्या अंगणात.

सनई दारात थबकली. सकवारबाई थबकल्या नाहीत. देवाप्पा दाढीला साबण लावलेला तसाच बाहेर आला, आणि अंगणभर बायका, त्यात आपला विरोधक, हे बघून पायरीवरच थांबला. त्याच्या बायकोनं, पद्मावतीनं मात्र रीत मोडली नाही. आलेल्या सवाशिणींना तिनं हळदकुंकू लावलं. सकवारबाईंनी आंब्याला सुपारी ठेवली, अक्षता वाहिल्या आणि खड्या आवाजात म्हणाल्या, "देवा, एक दिवस शिक्का सोस. पाण्यासाठी आहे. राग धरू नको."

"माझ्याच झाडाला माझ्याविरुद्ध आमंत्रण?" देवाप्पा साबणातून म्हणाला.

"झाडाला वॉर्ड नसतो, अण्णा," अंबुबाई बोलून गेल्या. आपण परपुरुषाशी, तेही चारचौघांत, बोललो हे त्यांच्या नंतर ध्यानात आलं. यल्लव्वा फाटकात उभी होती. या वेळी ती हसली नाही.

मतदानाच्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी शाळेतल्या केंद्रात आधी कागदाला हात जोडले, मग शिक्का मारला. रांग इतकी सावकाश सरकली की केंद्रावरचा अधिकारी रडकुंडीला आला. पण त्या केंद्रावर एकही कागद बाद झाला नाही.

तरीही मल्हारराव पडले. थोडक्यात, पण पडले. देवाप्पाच्या बाकीच्या गल्ल्या मोठ्या होत्या. त्या दिवशी मल्हारराव बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले आणि पुस्तक उघडून बसले. चेहऱ्यावर असं समाधान, की पाहणाऱ्याला वाटावं हेच निवडून आले. चूल पेटवताना, भांडी घासताना अंबुबाईंच्या डोक्यात मात्र एकच चाललं होतं: कुठली गल्ली आपल्याकडे वळली असती? कुणाला भेटायचं राहिलं?

तिसऱ्या दिवशी देवाप्पा स्वतः गल्लीत आला. गळ्यातला हार उतरवला होता, पण घाम फुटलेला दिसत होता. मतमोजणीत शाळेतल्या केंद्राचे कागद त्यानं पाहिले होते, झाडावरचे शिक्के मोजले होते. मल्हारराव त्याला बघताच आतल्या खोलीत गेले. दारात अंबुबाई आल्या.

"अक्का, झालं गेलं विसरा. पुढच्या वेळी तुमच्या गल्लीनं माझा विचार करावा."

"पुढचं पुढे. नळ कधी?"

"बघू की, युगादीचा पाडवा होऊ दे. वर विचारावं लागतं."

"वर म्हणजे कमिटीत ना? ती कधी बसते? त्यात तुम्ही आहात का? नसलात तर कोण आहे?"

देवाप्पानं आतल्या खोलीकडे पाहिलं. हे प्रश्न तिथून येत असतील अशी त्याची समजूत होती. पण तिथून फक्त पान उलटल्याचा आवाज आला.

"आत बसा," सकवारबाई ओसरीवरून म्हणाल्या. "सून विचारतेय ते नीट सांगा. चहा ठेवते."

नळ युगादीला आला नाही. त्यासाठी अंबुबाईंना चार बायका घेऊन कार्पोरेशनच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, कमिटीच्या दोन मेंबरांच्या घरी हळदकुंकवाला जावं लागलं आणि देवाप्पाला इतक्यांदा भेटावं लागलं, की तो त्यांना रस्त्यात बघून सायकल वळवू लागला. आला तो पुढच्या दसऱ्याच्या आधी, गल्लीच्या अगदी तोंडाशी.

पहिल्या सकाळी पाण्याची बारीक धार बघायला यल्लव्वाही आली होती. अंबुबाईंनी भरलेली घागर बाजूला ठेवली, पदर खोचला आणि विचारलं, "यल्लव्वा, तुमच्या गल्लीत कोपऱ्यावर दिवा आहे तो कुठल्या कमिटीनं दिला गं?"